आधी दोरी वळा, टोपली नंतर

झाडापाल्याच्या धाग्यांचं काम शिकायचंय म्हणून मला फोन करणाऱ्यांचं बोलणं बहुतेक वेळा टोपलीवरच येतं. एका दिवसात टोपली होईल का? होईल. कारागिराने आधीच चिरून, भिजवून, सारखी करून ठेवलेली पात हातात मिळाली आणि अवघड वळणावर त्यानेच हात लावला, तर संध्याकाळी टोपली घेऊन घरी जाल. पण दुसऱ्या दिवशी घरी एकट्याने बसलात की हात अडतो. पात कुठून आणायची, किती ओली हवी, मधेच संपली तर नवी कशी जोडायची, यातलं काहीच तुम्ही केलेलं नसतं. म्हणून माझा आग्रह आहे की पहिलं वर्कशॉप दोरीचं करा. दोरी वळता आली की शिंकं, जाळी, बाज, टोपलीचा काठ, सगळ्यांत शिरता येतं.

मी इंदुरात राजेंद्रनगरात राहते. शाळेत जीवशास्त्र शिकवलं, बाबा मिलच्या कताई खात्यात होते, त्यामुळे झाडाचा धागा आणि धाग्याचा पीळ दोन्ही घरातच होते. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या गावांतल्या कारागिरांना बोलावून छोटी वर्कशॉप भरवते, आणि त्यांच्याच शेजारी बसून शिकते. पुढे लिहिलंय ते तिथूनच आलेलं आहे.

वर्कशॉप निवडताना

जाहिरात दिसली की आधी फोन करून विचारा: माल कोणत्या अवस्थेत हातात देणार? "सगळं किटमध्ये तयार आहे" असं उत्तर आलं तर मी तिथे जात नाही. काडी, साल, ओलं खोड किंवा निदान न चिरलेली पात समोर ठेवतात, तिथे पैसे द्यावेत. अर्धा दिवस नुसतं सोलण्यात आणि खरवडण्यात गेला तरी तो वाया जात नाही, कारण धागा कुठे मजबूत आहे आणि कुठे तुटतो हे बोटांना तेव्हाच कळतं.

दुसरं, शिकवणार कोण? कारागीर कोपऱ्यात बसून फक्त करून दाखवणार आणि आयोजक माइकवर समजावणार, अशी मांडणी असेल तर शिकणं अर्धवट राहतं. कारागिराचा हात तुमच्या हाताला लागला पाहिजे. त्यासाठी एकामागे आठ-दहापेक्षा जास्त माणसं नकोत. उरलेला धागा घरी नेऊ देतात का, हेही विचारून घ्या. सरावाला तोच लागतो.

इंदुरात बारा महिने चालणारा असा वर्ग शोधत बसण्यापेक्षा कारागीर शोधा. ढक्कनवाला कुआँजवळच्या ग्रामीण हाटात प्रदर्शनं लागतात, लालबागेत मालवा उत्सव भरतो. तिथे संध्याकाळी गर्दी असते तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. दुपारी जा. एखादी वस्तू विकत घ्या, गाव विचारा, हा धागा कोणत्या महिन्यात निघतो ते विचारा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मावशी आणि मामा अशाच ओळखीतून आले. भोपाळपर्यंत जायची तयारी असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचा 'करो और सीखो' हा उपक्रम बघा. तिथे पारंपरिक कारागीर स्वतः समोर बसून शिकवतात. आणि गेलातच तर त्याच दिवशी शेजारचं जनजातीय संग्रहालयही बघून या. घरातल्या, शेतातल्या वापराच्या वस्तू नीट बघायच्या असतील तर तिथे बघण्यासारखं खूप आहे.

तारीख ठरवताना हंगाम बघावा लागतो. मक्याची साल श्रावण-भाद्रपदात, अंबाडी दसरा-दिवाळीच्या सुमाराला, मुंज गवत त्यानंतर थंडीत. केळीचं खोड मात्र वर्षभर मिळतं. मे महिन्यात ताज्या अंबाडीचं वर्कशॉप कुणी जाहीर केलं तर समजा, की धागा बाजारातून तयार आणलेला आहे.

किसाच्या सालींपासून सुरुवात

वर्कशॉपला जायच्या आधी घरी आठवडाभर सराव करा, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका. इंदुरात पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याची कणसं किसून केलेला पदार्थ, होत नाही असं घर विरळा. कीस झाला की सालींचा ढीग उरतो. बाहेरच्या जाड, हिरव्या, डाग पडलेल्या साली बाजूला टाका. आतल्या, कणसाला चिकटून असलेल्या पांढुरक्या साली घ्या. वर्तमानपत्रावर सुट्या पसरून पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवा. दमट हवेत ढीग करून ठेवल्या तर बुरशी धरते.

ओल्या सालीचीच दोरी का वळू नये, हे मुलं हमखास विचारतात. वळता येते, पण वाळताना प्रत्येक पट्टी आकसते आणि पीळ सैल पडतो. चार दिवसांनी दोरी हातात ढिली लागते. ओल्या पातीची टोपली विणली तर तिच्यातून उजेड दिसायला लागतो. तेव्हा साल असो, पात असो, गवत असो, आधी पूर्ण वाळवायचं आणि कामाच्या वेळी कामापुरतंच ओलं करायचं. मक्याच्या सालीला पाण्यात दहा मिनिटं पुरतात. मग ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी होते. सिमरोलकडच्या एक मावशी आमच्याकडे शिकवायला येतात. त्या शिकणाऱ्याच्या हातातली साल चिमटीत धरतात आणि लगेच सांगतात, "इत्ता गीला नी चइये." साल वाकवली तर मोडू नये आणि दाबली तर पाणी सुटू नये, एवढीच ओल हवी.

आता वळायला घ्या. साल उभी फाडून नखाएवढ्या रुंद पट्ट्या करा. दोन-तीन पट्ट्यांचा जुडगा घ्या आणि तो मधोमध न दुमडता तिसऱ्या हिश्शावर दुमडा, म्हणजे एक बाजू लांब आणि एक आखूड राहील. दोन्ही बाजू सारख्या असतील तर दोन्ही एकदमच संपतात, दोन्ही जोड एकाच ठिकाणी येतात आणि ताण पडला की दोरी नेमकी तिथे तुटते.

दुमडलेलं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरा. समोर दोन पेड आहेत, एक अलीकडचा, एक पलीकडचा. पलीकडचा पेड उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून आपल्यापासून दूर फिरवा, घट्ट लागेपर्यंत. ताण न सोडता तो अलीकडच्या पेडावरून आपल्याकडे आणा. आता जो पलीकडे गेला, त्याला तसाच पीळ द्या आणि वरून आपल्याकडे आणा. एवढंच करत राहायचं. डाव्या हाताची चिमटी झालेल्या कामाच्या अगदी टोकाशी हवी. ती मागे राहिली की तिच्या पुढचा भाग सैल वळला जातो.

पेड एका दिशेने पिळलेले आणि ते एकमेकांभोवती गुंडाळलेले त्याच्या उलट दिशेने, यात दोरीची सगळी ताकद आहे. प्रत्येक पेड उलगडायला बघतो आणि उलगडता उलगडता शेजारच्याला आणखी आवळतो. गाठ न मारताही दोरी टिकते ती त्यामुळे. मिलमध्येही हाच नियम चालायचा. बाबा सांगायचे, एकेरी सूत बहुधा झेड पिळाचं आणि दुपदरी करताना त्याला एस पीळ. दोरी उभी धरली की पिळाची तिरकी रेघ या अक्षरांमधल्या रेघेसारखी दिसते, म्हणून ही नावं. घरात सुतळीचा तोडा, बॅगेचा बंद, वातीचं सूत, काहीही हातात आलं की ही रेघ बघायची सवय लावून घ्या. पंधरा दिवसांत डोळा तयार होतो.

जोड हा खरा कस आहे, आणि मक्याची साल वीतभरच असल्यामुळे तिच्यावर जोडाचा सराव आपोआप होतो. पेड बारीक व्हायला लागला की तो संपायची वाट बघू नका. नवी पट्टी चार बोटं आत येईल अशी त्या पेडाला लावा आणि दोन्ही मिळून पिळा. बाहेर राहिलेली टोकं लगेच कापायची नाहीत. दोरी पूर्ण वाळल्यावर कात्रीने काढा. दोन पेडांचे जोड एकाच ठिकाणी येणार नाहीत असं बघा.

झालेली दोरी तपासायच्या दोन रीती आहेत. दोन्ही टोकं हातात धरून मधला भाग सैल सोडा. ती खाली सरळ झोळ घेऊन लटकली तर दोन्ही पीळ बरोबरीचे आहेत. स्वतःभोवती वेटोळं घालायला लागली तर एक पीळ दुसऱ्यावर भारी झालाय. मग डोळे मिटून ती बोटांतून ओढा. जाड-बारीक लगेच कळतं, डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागतं. लांबीचा हिशोबही आत्ताच समजून घ्या: पिळात लांबी खाल्ली जाते. दोन मीटर दोरी हवी असेल तर पेड तीन मीटरचे धरावेत.

अंबाडीचा वाख

मक्याची साल सरावाची. वापरातली दोरी अंबाडीची. अंबाडीची भाजी सगळ्यांना माहीत असते, तुरीची डाळ किंवा तांदळाच्या कण्या घालून आणि वर लसणाची फोडणी. पण त्याच झाडाच्या खोडाच्या सालीत वाख, म्हणजे दोरीचा धागा असतो, आणि शेतकऱ्याची दावी, कासरे, बैलांची मुसकी, विहिरीचा नाडा पिढ्यान्‌पिढ्या त्या वाखाचे झाले. देठ हिरवं असो की लाल, दोन्हींच्या सालीत धागा आहे.

झाडाला फुलं यायला लागली की कापणीची वेळ. फुलांच्या आधी धागा कोवळा असतो, बोंडं पिकेपर्यंत थांबलं तर तो राठ होतो. कापताना हातमोजे घाला, खोडावर बारीक काटे असतात. शेतकरी पेंढ्या बांधून दोन-तीन दिवस शेतातच उभ्या ठेवतात, पानं गळून पडतात, मग पेंढ्या पाण्यात दाबून ठेवतात. पाण्यातले जिवाणू सालीतला चिकट भाग, म्हणजे पेक्टिन, खातात आणि धागे सुटे होतात. ऊब असेल तर दहा ते पंधरा दिवस, थंडी पडली की त्याहून जास्त.

शहरात पुरुषभर उंचीच्या पेंढ्या बुडवायला जागा नसते. त्यासाठी एक सोपी रीत आहे. ओल्या खोडाची साल बुंध्याकडून सोलून लांब फिती काढा, त्यांची सैल वेटोळी करा आणि मोठ्या बादलीत बुडवा, वर दगड ठेवा. लाकूड नसल्यामुळे पाणी कमी लागतं आणि काम आठवडा-दहा दिवसांत होतं. बादलीचं तोंड बारीक जाळीच्या कापडाने घट्ट बांधायचंच. साठलेल्या पाण्यात डास होतात आणि डेंग्यूच्या दिवसांत शेजाऱ्यांना त्रास होईल असं काही करायचं नाही. वास येतो, तो येणारच. बादली गच्चीच्या कोपऱ्यात ठेवा.

पाचव्या दिवसापासून रोज एक फीत काढून अंगठ्याने चोळून बघा. हिरवी साल बोटाखाली निसटली आणि आतून जाळीदार तंतू सुटे व्हायला लागले की त्याच दिवशी काढा. कमी कुजलं तर वाख चिकट आणि जाड राहतो, पुन्हा बुडवता येतो. जास्त कुजलं तर धागा ओढताच तुटतो आणि त्याला उपाय नाही. म्हणून या दिवसांत गावाला जायचा बेत करू नका. काढलेला वाख भरपूर पाण्यात धुऊन, दोरीवर सावलीत वाळवून, मोठ्या दातांच्या फणीने विंचरून ठेवा. उन्हात तापून कडक झालेला वाख वळताना बोटं कापतो.

हे काम नदीत, तळ्यात कधीही करू नका, मग गावचे लोक पूर्वीपासून करत आले असले तरी. कुजणाऱ्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. बादलीतलं पाणी साधं पाणी मिसळून झाडांना घाला, उरलेला चोथा खतात टाका. आणि खत करायचंच तर आपल्याच गावची रीत वापरा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथेच. शेतातला काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर, ओलसर ठेवून मधून मधून पालटायचे, साधारण तीन महिन्यांत खत तयार. जगात तिला इंदूर पद्धत म्हणतात. सालीचा चोथा आणि सोललेल्या काड्यांचे तुकडे तिच्यात उत्तम जिरतात. ओला-सुका कचरा वेगळा करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, मग हाही कचरा गाडीत न टाकता घरीच जिरवावा, असं मला मनापासून वाटतं.

वाखाचे धागे लांब असतात, त्यामुळे तो बोटांनी वळण्याऐवजी मांडीवर वळतात. पायजम्यावर जाडसर सुती फडकं टाका. दोन पेड बोटभर अंतराने मांडीवर ठेवून तळव्याने एकदम पुढे ढकला, दोन्हींना पीळ बसतो. मग दोन्ही जवळ आणून तळवा मागे घ्या, ते एकमेकांत गुंततात. हे बघायला एका क्षणाचं आहे आणि हाताला बसायला वेळ लागतो. जाड सुतळी कातायला इकडे ढेरा वापरतात, दोन लाकडी पट्ट्या एकमेकींत आडव्या बसवून मधे दांडी घातलेली. कुणी मामा ढेरा घेऊन आले तर तो आधी मागून हातात घ्या. ज्यांचे अंगठे दुखतात त्यांना बोटांपेक्षा तो सोपा जातो.

केळी, घायपात, शिंदी, मुंज

केळीचं झाड एकदाच फळतं, घड उतरला की खोड कापावंच लागतं. इंदूर-इच्छापूर रस्त्याने बऱ्हाणपूरकडे गेलात तर केळीच्या बागा सुरू होतात, आणि तिथे या खोडांपासून धागा काढायचं काम बायकांचे गट करतात. तो यंत्राने काढतात. वर्कशॉपमध्ये हाताने करून बघा: खोडाचे सोप, म्हणजे एकावर एक बसलेले थर, सुटे करून दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, फळीवर ठेवून बोथट पात्याने किंवा चमच्याच्या कडेने गर खरवडून काढा. खाली रेशमासारखे पांढरे तंतू दिसतात. शंभर किलो खोडातून साधारण किलोभरच धागा निघतो, हे एकदा स्वतः खरवडून बघितलं की त्या वस्तूंची किंमत जास्त वाटत नाही. जुने कपडे घालून बसा, केळीच्या चिकाचा डाग निघत नाही. नुसतं वाळलेलं सोपटही कामाचं आहे, गजरे ओवायला पूर्वी तेच वापरायचे.

घायपाताचा धागा लांब, पांढरा, कणखर. पण पानाचा रस अंगाला लागला की खाज आणि जळजळ होते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय हात लावू नका. मुलांना तर यापासून लांबच ठेवा.

शिंदीच्या पातीचे झाडू, चटया होतात. धागा काढायचा नसतो, पातच विणायची, म्हणून काम लवकर दिसू लागतं. टोकं सुईसारखी असतात, ती आधी कात्रीने उडवायची. वाळलेली पात तासभर ओल्या गोणपाटात ठेवली की वळते. तीन पातींची वेणी आधी, मग पाच, मग सात. वेण्या एकमेकींना दाभणाने शिवल्या की चटई. मुंज गवताची आवरणं लाकडी मोगरीने कुटून, भिजवून बान नावाची दोरी वळतात आणि तिने खाट विणतात. मौंजीबंधनात बटूच्या कमरेला बांधतात ती मेखलाही याच गवताची. ग्वाल्हेरकडे नातेवाईक असतील तर मुंज गवताचं काम त्या बाजूला बघायला मिळतं का ते जरूर विचारा.

सगळं एकदम शिकायला जाऊ नका. एका वर्षी एकच वनस्पती घ्या आणि तिच्यामागे हंगामभर लागा.

शिकवणाऱ्याजवळ बसताना

समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून हात उलटे दिसतात आणि पीळ उलटा पडतो. डावखुऱ्यांनी मात्र मुद्दाम समोर बसावं, त्यांना तेच सोयीचं. कारागीर फार बोलत नाहीत, पण हात थांबवून दाखवायला तयार असतात. "एकदा हळू करून दाखवता का, मावशी?" एवढं पुरतं. व्हिडिओ घ्यायचा तर विचारून घ्या, आणि निदान एकदा स्वतः करून झाल्यावरच घ्या. आधी घेतला की डोळे मोबाईलवर राहतात. मापं सेंटिमीटरमध्ये लिहू नका, ते सांगतात तशी वीत, चार बोटं, मूठ अशीच लिहा. काम करताना फूटपट्टी जवळ नसते.

नखं कापलेली हवीत. बरोबर सुती फडकं, छोटी कात्री, दाभण, बसायला आसन आणि हातांना लावायला खोबरेल तेल घ्या. तेल काम झाल्यावर लावायचं, आधी लावलं तर पीळ बोटांतून निसटतो. दर अर्ध्या तासाला उठून मनगटं मोकळी करा.

दोरी बऱ्यापैकी सारखी यायला लागली की पहिली वस्तू शिंकं करा. पूर्वी दुधा-लोण्याचं मडकं त्यात राहायचं, आज कुंडी ठेवा. दोन-अडीच मीटरच्या चार दोऱ्या मधोमध दुमडून लोखंडी किंवा वेताच्या कडीत अडकवा, आठ टोकं खाली येतील. कडीपासून हातभर खाली दोन-दोन टोकांची एक अशा चार गाठी एका पातळीत मारा. त्यानंतर चार बोटं खाली प्रत्येक जोडीतलं एक टोक शेजारच्या जोडीतल्या एका टोकाशी बांधा, म्हणजे जाळी पडते. आणखी एक फेरी तशीच करा आणि शेवटी सगळी टोकं एकत्र घट्ट बांधा. कुंडी मधे ठेवून बघितल्याशिवाय शेवटची गाठ आवळू नका. अंबाडीचं शिंकं पावसात बाहेर ठेवलं तर कुजतं. बाहेर टांगायचं असेल तर काथ्याची दोरी बरी, ती पाण्याला जास्त टिकते.

पैशांचं

याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दोर वळणं, झाडू बांधणं, टोपल्या विणणं ही कामं ज्या समाजांनी केली, महाराष्ट्रात मातंग आणि बुरूड, इकडे बसोड, त्यांच्या हाताच्या वस्तू प्रत्येक घरात होत्या आणि त्यांना मान मात्र दिला गेला नाही. आज आपण तेच काम हौसेने शिकायला बसतो, तेव्हा शिकवणाऱ्याला गुरूचाच मान आणि गुरूचेच पैसे मिळाले पाहिजेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जी १८ कामं आहेत, त्यांत टोपली, चटई, झाडू करणारे आणि काथ्या विणणारेही आहेत. तिथे प्रशिक्षण घेणाऱ्या कारागिराला दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळतं. शिकणाऱ्याला एवढे, तर शिकवणाऱ्याला त्याहून बरेच जास्त हवेत, हा माझा हिशोब. वर जाण्या-येण्याचा खर्च, जेवण आणि मालाचे पैसे वेगळे.

आणि वर्कशॉपच्या आधीचे दिवस मोजा. तुमच्यासमोर ठेवलेला किलोभर वाख कुणीतरी कापला, सोलला, कुजवला, धुतला, वाळवला. त्या कामाचे पैसे आयोजकाने दिले का, हे फी भरताना विचारायला संकोच करू नका. मी स्वतः वर्कशॉप भरवते तेव्हा फीचा हिशोब कागदावर लिहून सगळ्यांना दाखवते. मावशींनाही तो वाचून दाखवते.

शिकून परत निघताना त्यांच्याकडून मूठभर अंबाडीचं बी मागून घ्या. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की अंगणात किंवा मातीने भरलेल्या मोठ्या पोत्यात पेरा. भाजीपेक्षा दाट पेरायचं, म्हणजे झाडं उजेडासाठी सरळ उंच वाढतात, फांद्या कमी फुटतात आणि धागा लांब मिळतो. भाजीसाठी पानं काढायची असतील तर बाजूची काढा, शेंडा खुडू नका. शेंडा गेला की खोड फुटतं आणि सालीची फीत मधेच तुटते. नवरात्राच्या आसपास फुलं दिसली की कापा, आणि चार झाडं बियांसाठी तशीच उभी ठेवा.